मॉरिशस: दोन किनारे, दोन रिसॉर्ट, आठ रात्री

जुलैच्या शेवटी आम्ही पाच जण मॉरिशसला आठ रात्री राहून आलो: मी, नवरा, १० वर्षांची लेक, ४ वर्षांचा धाकटा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचा उजवा गुडघा दुखरा आहे आणि धाकट्याला पाण्याचं वेड आहे. हॉटेल शोधताना या दोन गोष्टी सतत डोक्यात होत्या.

नवऱ्याच्या मनात पूर्व किनाऱ्यावरचं, बेल मारचं मोठं पंचतारांकित रिसॉर्ट भरलं होतं. मी वायव्येकडच्या त्रू ओ बिशच्या एका लहान हॉटेलवर अडून बसले होते. तीन आठवडे रोज जेवताना हाच विषय. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चार रात्री इकडे, चार तिकडे करा. दोन्हीकडे बघून होईल." तसंच केलं, आणि त्यामुळेच मला ही तुलना लिहिता येतेय. एकाच आठवड्यात, एकाच हवेत, त्याच पाच माणसांनी दोन किनारे पाहिले.

हॉटेलांची नावं देत नाही. एकाबद्दल माझी तक्रार आहे, ती मी त्यांना लेखी कळवली आहे. आणि तसंही त्या दोन्ही किनाऱ्यांवर याच धाटणीची बरीच हॉटेलं ओळीने उभी आहेत. मला जे सांगायचंय ते त्या सगळ्यांना लागू पडतं: मॉरिशसमध्ये आधी महिना बघा, महिन्यावरून किनारा ठरवा आणि हॉटेल त्यानंतर. आम्ही बरोबर उलटं केलं होतं.

बेल मारला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे, तिथून पूर्व किनारा गाडीने तासाभरावर. सकाळी पडदा सरकवला आणि आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. समोर लांबच लांब पांढरी वाळू, तिच्यापुढे फिकट हिरवं पाणी, मग निळं, आणि दूर जिथे प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटतात तिथे एक पांढरी रेघ. वेबसाइटवरचा फोटो खरा होता. मग मी गॅलरीचं दार उघडलं आणि ते माझ्या हातातून सुटून भिंतीवर आपटलं.

खाली वाळूवर हॉटेलच्या गवती छत्र्या होत्या, त्या पक्क्या. पण त्यांच्यामधल्या कापडी छत्र्या सगळ्या मिटलेल्या आणि दोरीने करकचून बांधलेल्या. आम्ही न्याहारी करून उतरलो. धाकटा पाण्याकडे पळाला, दहा पावलांवर थांबला आणि रडवेला होऊन परत आला. म्हणाला, "आई, वाळू चावतेय." खरंच चावत होती. वाऱ्याबरोबर पायाच्या उंचीवर वाळू उडत होती आणि त्याची उंचीच तेवढी, त्यामुळे आमच्या पोटऱ्यांना लागत होती ती त्याच्या तोंडावर जात होती.

हे त्या दिवसापुरतं नव्हतं. मॉरिशसवर वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जून ते ऑगस्ट ते सगळ्यात जोरात असतात. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. पूर्व आणि आग्नेय किनारा या वाऱ्यांच्या अगदी तोंडावर. दिवसा हवा २४-२५ अंश, पाणी २२-२३. आकडे ऐकून छान वाटतं, पण ओल्या अंगावर असा वारा लागला की चार वर्षांचं पोर पाच मिनिटांत कुडकुडतं. बोटींच्या टपरीवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, सप्टेंबरपर्यंत हे असंच. त्याच्यामागे समुद्रात पतंगांना लटकून पाण्यावरून उडणारे दहा-बारा लोक होते. त्यांच्यासाठी हा सोन्यासारखा महिना. तो किनारा वाईट नाहीच, आम्ही चुकीच्या महिन्यात तिथे होतो.

वारा निसर्गाचा, त्याचा दोष हॉटेलला देता येत नाही. पण दोन गोष्टी त्यांच्या हातातल्या होत्या. पहिली, मुलांचा तलाव. मोठा तलाव समुद्राकडे तोंड करून, त्यावर वारा थेट. मुलांचा छोटा तलाव मात्र इमारतीच्या आडोशाला, उन्हात. आमचे चारही दिवस तिथेच सुखाचे गेले असते. तो दुरुस्तीसाठी बंद होता. कोरडा तलाव, तळाशी फरश्यांचे ढीग आणि भोवती दोरी. बुकिंग झाल्यापासून त्यांची माझ्याशी सहा ईमेल झाली होती, एकातही याचा उल्लेख नाही. दुसरी, खोली. सासूबाईंच्या गुडघ्यामुळे मी तळमजला मागितला होता आणि तो "विनंती म्हणून नोंदवला" होता. मिळाला पहिला मजला, त्या इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या अठरा. मला पाठ झाल्यात, कारण सासूबाई दर वेळी उतरताना हलक्या आवाजात मोजत होत्या.

बाथरूममध्ये शॉवर वेगळा नव्हता, टबमध्येच उभं राहायचं. टबाचा काठ माझ्या गुडघ्याएवढा उंच, आत गुळगुळीत चिनी माती, धरायला भिंतीत काही नाही. पहिल्या सकाळी सासूबाई आत गेल्या आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येईना. दार ठोठावलं तर त्या टबाच्या काठावर बसून होत्या. एक पाय आत, एक बाहेर, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरलेला. "अगं, आता पुढे कसं जायचं ते बघत होते," म्हणाल्या. मी त्यांना धरून बाहेर आणलं. ते चार दिवस त्यांनी बादली मागवून खाली बसून अंघोळ केली. बादली आणि प्लास्टिकचं स्टूल खोली आवरणाऱ्या बाईंनी कुठून तरी आणून दिलं, न मागता रबरी चटईही आणली. त्यांचे मी मनापासून आभार मानले. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी आम्हाला तळमजल्यावर हलवलं, माफीही मागितली. पण सामान बांधून पुन्हा लावण्यात अर्धा दिवस गेला, तोही चारांतला.

त्यांचं चांगलं काय, तेही सांगते. न्याहारी उत्कृष्ट होती. आम्ही शाकाहारी आहोत म्हटल्यावर आचारी स्वतः टेबलाशी येऊन रात्री काय करू विचारून जायचे. आणि पूर्व किनाऱ्याचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे इल ओ सेर. जवळच्या त्रू दो दूस गावातून बोट सुटते, थोड्याच वेळात छोट्या बेटावर उतरवते. तिथे वाऱ्याच्या आडोशाची एक कड आमच्या बोटवाल्याने दाखवली, सुरूच्या झाडांच्या मागे, गुडघाभर संथ पाण्यात. लेकीने तिथे पहिल्यांदा तोंडाला नळी लावून मासे पाहिले आणि वर येऊन दोन मिनिटं बोललीच नाही. जून ते ऑगस्टमध्ये पूर्वेला राहणार असाल तर हे नक्की करा, बोटवाल्याला आडोशाची बाजू विचारून घ्या.

पाचव्या दिवशी टॅक्सीने वायव्येला निघालो. रस्ता दोन्ही बाजूंनी उसातून जातो. तासाभराने त्रू ओ बिशला उतरलो तर मला आधी कळेना काय बदललंय. मग लक्षात आलं, ऐकू नीट येतंय. चार दिवस आम्ही एकमेकांशी जरा ओरडूनच बोलत होतो. इथे वारा बेट ओलांडून येतो, मधल्या डोंगरांवर त्याचा जोर मोडतो, आणि किनाऱ्यावर तो पाठीमागून हलका लागतो. सुरूचे शेंडे हलत होते, खाली पाणी तळ्यासारखं.

त्याच संध्याकाळी सासूबाई समुद्रात उतरल्या. हे जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझ्यासाठी सगळ्या सहलीचं मोल त्या अर्ध्या तासात होतं. त्या किनाऱ्याचा उतार इतका मंद आहे, आणि पायाखाली दगड नाही, वाळूच, की त्या माझा हात धरून एकेक पाऊल टाकत कमरेएवढ्या पाण्यात गेल्या. तिथे गुडघ्यावरचा भार उतरला. साडीऐवजी सलवार-कुर्ता घातला होता, तो भोवती फुगून आला. त्यांनी माझा हात सोडला, दोन्ही हात पाण्यावर पसरले आणि चालायला लागल्या, किनाऱ्याला समांतर, एकट्या, पुढे जाऊन परत. "पाण्यात दुखत नाही गं," म्हणाल्या. सूर्य समोर समुद्रात उतरत होता. जुलैत तिथे सहाच्या आतच मावळतो आणि पश्चिमेच्या बाजूला असल्यामुळे तो बुडताना दिसतो. पुढचे तीनही दिवस साडेचार वाजले की त्या तयार होऊन बसायच्या.

हे दुसरं हॉटेल मी का निवडलं होतं, तर एका फोटोमुळे. बुकिंगच्या आधी मी दोन्हीकडे सारखाच प्रश्न पाठवला होता: आमच्यासोबत गुडघेदुखीच्या वयस्कर बाई आहेत, त्या जी बाथरूम वापरतील तिचा फोटो पाठवाल का. मोठ्या हॉटेलने रंगीत माहितीपत्रक पाठवलं, त्यात गुलाबाच्या पाकळ्या घातलेला टब. लहान हॉटेलमधल्या कुणीतरी खोलीत जाऊन मोबाइलवर काढलेले दोन फोटो पाठवले. जरा हललेले, पण शॉवरचा उंबरठा किती आहे ते कळावं म्हणून शेजारी पाण्याची बाटली आडवी ठेवलेली. उंबरठा बाटलीच्या जाडीएवढाच होता. भिंतीला दांडा होता. तारे पाहून मला जे कळलं नसतं ते त्या बाटलीने सांगितलं. तेव्हा वाऱ्याचा विचार मीही केलेला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. त्या बाबतीत माझं नशीब चांगलं निघालं.

खोल्या दोन होत्या, मध्ये दार. कुटुंबासाठी खोली शोधताना हा फरक विचारून घ्या, कारण "फॅमिली रूम" या शब्दाखाली काहीही खपतं. बेल मारला ती एकच मोठी खोली होती, सोफा उघडून त्यावर मुलं. धाकटा साडेसातला झोपला की दिवा बंद, आणि मग आम्ही तिघं मोठी माणसं गॅलरीत, वाऱ्यात. मधलं दार असलं की आजी आणि नातवंडं एका खोलीत झोपतात, दार अर्धं लोटलेलं राहतं आणि सगळ्यांना आपापली रात्र मिळते. "सी व्ह्यू" आणि "सी फेसिंग" हेही तसंच. पहिल्यात मान वळवून समुद्राची फट दिसली तरी चालतं.

जेवणाचं म्हणाल तर पूर्वेला आम्ही ऑल इन्क्लुसिव्ह घेतलं होतं, वायव्येला हाफ बोर्ड, म्हणजे न्याहारी आणि रात्रीचं जेवण. मला हाफ बोर्ड जास्त पटलं, पण ते जागेवर अवलंबून आहे. बेल मारच्या हॉटेलबाहेर चालत जाण्यासारखं काहीच नव्हतं, उसाची शेतं आणि पुढचं हॉटेल. तिथे दुपारचं जेवण पॅकेजमध्ये नसेल तर त्यांच्याच उपाहारगृहात युरोच्या हिशेबाने खावं लागतं. त्रू ओ बिशला पाच मिनिटांवर रस्ता, रस्त्यावर दुकानं आणि ढोल पुरीची गाडी. ढोल पुरी म्हणजे आत भरडलेली पिवळी डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी. दोन एकावर एक ठेवून त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "ही बिनगुळाची पुरणपोळी आहे." मुलांची दुपारची जेवणं सलग तीन दिवस तीच झाली. एकच लक्षात ठेवा: हाफ बोर्डमध्ये रात्रीच्या जेवणाबरोबरचं पाणीसुद्धा बऱ्याच ठिकाणी वेगळं लावतात. आधी विचारा.

लहान हॉटेलच्या उणिवा होत्या. बुफेत चौथ्या रात्री पहिल्या रात्रीचेच पदार्थ. मुलांच्या क्लबमध्ये एकच ताई आणि ती मुख्यतः फ्रेंच आणि क्रिओल बोलणारी. तिने धाकट्याला खाणाखुणांनी छान रमवलं, पण लेकीला तासाभरात कंटाळा आला. वाळूचा पट्टा अरुंद, भरतीला खाटा मागे घ्याव्या लागत. आणि त्या किनाऱ्यावर मोटरबोटी बऱ्याच. पोहण्याची जागा तरंगत्या गोळ्यांच्या दोरीने आखलेली आहे, मुलांना तिच्या आतच ठेवा. लेक एकदा मासे बघत बघत दोरीपलीकडे गेली तेव्हा माझा जीव वरखाली झाला.

रविवारी सकाळी पलीकडच्या सार्वजनिक किनाऱ्यावर स्थानिक कुटुंबं आली. सुरूखाली ताडपत्र्या, मोठाली पातेली, आज्या, तान्ही बाळं, दुपारनंतर ढोलकं आणि गाणी. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची असते, हॉटेलची हद्द तिच्या वरच संपते. काही पाहुण्यांनी काउंटरवर आवाजाची तक्रार केली. मला मात्र तोच दिवस सगळ्यात आवडला. धाकटा त्यांच्या मुलांत मिसळून किल्ला बांधत बसला, भाषेचं त्याला काही अडलं नाही. पूर्ण शांतता हवी असेल तर सार्वजनिक किनाऱ्याला लागून असलेलं हॉटेल घेऊ नका, नकाशावर ते दिसतं.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याही हॉटेलच्या पानावर लिहिलेली नसते. तिसऱ्या दिवशी न्याहारीला कॉफी देणारी मुलगी आमचं बोलणं ऐकून थांबली आणि सासूबाईंना म्हणाली, "नमस्कार आजी. कशा आहात?" उच्चार वेगळा, शब्द जपून टाकलेले, पण स्वच्छ मराठी. ती शाळेत मराठी शिकली होती. तिचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर कराराने काम करायला आलेले. किती पिढ्या झाल्या ते तिला नीट सांगता येईना. घरी आता क्रिओलच बोलतात, पण गणपती बसतो. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. सासूबाईंनी तिचा हात हातात धरून ठेवला, शेजारच्या टेबलावरचे लोक कॉफीसाठी वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघायला गेलो, म्हणजे हे मजूर जिथे जहाजातून उतरायचे ती जागा. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख मजूर भारतातून मॉरिशसला आले. घाटाच्या त्या दगडी पायऱ्या थोड्याच, पण सासूबाई त्या न मोजता उभ्या राहून बघत होत्या. वायव्येला राहण्याचा हाही फायदा: पोर्ट लुई आणि पाँप्लमूसची मोठाल्या पानांच्या कमळांची बाग, दोन्ही जवळ, अर्ध्या दिवसात परत येता येतं.

आता पुन्हा हॉटेल शोधायचं तर मी कसं शोधेन, ते सांगते. सगळ्यात आधी उपग्रहाचा नकाशा उघडेन. मॉरिशसभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, तीच नकाशावरची पांढरी रेघ. तिच्या आतलं पाणी म्हणजे लगून, लाटा नसलेलं. रेघ कुठे तुटली आहे ते बघायचं, कारण लगूनमधलं पाणी त्या खिंडारातून बाहेर जातं आणि तिथे ओढ असते. मुलं असतील तर हॉटेल खिंडारासमोर नको. मग किनाऱ्याजवळच्या पाण्याचा रंग. फिकट म्हणजे वाळू, गडद डाग म्हणजे प्रवाळ, दगड किंवा समुद्रगवत. भरती-ओहोटीतला फरक तिथे कोकणाच्या मानाने फारच थोडा, पण लगून मुळात उथळ, त्यामुळे ओहोटीला गडद डाग असलेल्या ठिकाणी पोहायला पाणीच उरत नाही, आणि तुम्ही काळ्या काट्यांच्या सी अर्चिनमधून चालत असता. रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट पाचही जणांना घ्या, वाळूचा किनारा असला तरी. दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश तिथल्या पाण्यात असतो.

दक्षिणेला ग्री ग्रीच्या बाजूला मात्र भिंतच नाही, समुद्र थेट कड्यावर आपटतो. बघायला जा, पाण्यात उतरायचं नाही.

नकाशानंतर पाहुण्यांनी टाकलेले फोटो, हॉटेलने टाकलेले नव्हेत. आणि त्यातले आपल्या महिन्यातलेच. त्यात समुद्र बघू नका, छत्र्या बघा. दुपारच्या उन्हात छत्र्या मिटून बांधलेल्या असतील तर वारा आहे. बायकांचे केस बघा, टॉवेल खाटेला चिमटे लावून अडकवलेत का ते बघा. बेल मारच्या आमच्या हॉटेलचे जुलैतले फोटो मी परत आल्यावर पाहिले. जवळपास प्रत्येकात छत्र्या बांधलेल्या. सगळं समोर होतं, मी पाण्याचा रंग बघत बसले होते.

पश्चिम म्हणजे सगळीकडे वाऱ्याचा आडोसा, असंही धरून चालू नका. नैर्ऋत्य टोकाला ल मोर्नचा डोंगर आहे, दृश्य बेटावरचं सगळ्यात देखणं, पण त्या टोकाला वळसा घालून वारा येतो आणि जगभरचे पतंगवाले तिथेच जमतात. पश्चिमेचं फ्लिक आं फ्लाक आम्ही दिवसभरासाठी पाहिलं. पाणी संथ, सुरूची सावली भरपूर, पण पायाखाली प्रवाळाचे तुकडे बरेच लागले. सासूबाईंना तिथे चालता आलं नाही. ग्राँ बेला दुकानं आणि बोटी, पोहण्यापेक्षा संध्याकाळी फिरायला बरं.

किरकोळ पण उपयोगी: तिथली घड्याळं आपल्या दीड तास मागे आहेत. मुलं पहाटे साडेचारला उठून भूक भूक करतात, न्याहारी सातला. खोलीत बिस्किटं, फळं ठेवा. भिंतीतले प्लग तीन चौकोनी पायांचे, तसा अडॅप्टर लागतो. जुलैत संध्याकाळी मुलांना स्वेटर लागतोच.

पैशांचा हिशेब मांडला तर पूर्वेकडची एक रात्र वायव्येकडच्या दोन रात्रींना जराशीच कमी पडली. जुलैसाठी पुन्हा विचारलं तर मी डोळे झाकून वायव्य सांगेन, आणि वाचलेल्या पैशात एक दिवस इल ओ सेर.

पण डिसेंबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर हे उलटं आहे. त्यांचा तो उन्हाळा, दमट. वायव्येच्या ज्या आडोशाने आम्हाला जुलैत सुख दिलं, त्याच आडोशाला तेव्हा हवा हलत नाही आणि उकडतं. पूर्वेला तोच वारा तेव्हा हलका होऊन येतो आणि हवाहवासा वाटतो, पाणीही २७-२८ अंशांवर गेलेलं असतं. मात्र ते महिने चक्रीवादळांचे. बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

माझे दीर-जाऊबाई जानेवारीत सासूबाईंना घेऊन पुन्हा जाणार आहेत. मी त्यांना बेल मारच सुचवलंय, तेच हॉटेल, कारण माझ्या तक्रारीला व्यवस्थापकांनी दोन दिवसांत नीट उत्तर दिलं आणि मुलांचा तलाव सुरू झाल्याचं कळवलं. जाऊबाईंनी बुकिंगच्या आधी माझाच प्रश्न त्यांना पाठवला: तळमजला लेखी द्या आणि बाथरूमचा फोटो पाठवा. काल उत्तर आलं. खोलीचा नंबर आहे, शॉवर वेगळा आहे, आणि फोटोत उंबरठ्याशेजारी मोजपट्टी धरलेली आहे. सासूबाईंनी चष्मा लावून आकडा वाचला आणि पोहण्याचा कुर्ता वेगळा काढून ठेवला.